लाखोळीवर वाढलेले काळे किडे

दोन्ही बरण्या रिकाम्या होत्या. धुऊन, पुसून, उपड्या घातलेल्या.

मी इनक्युबेटरचं दार धरून उभी होते. इनक्युबेटर म्हणजे आतली ऊब कायम सारखी ठेवणारं कपाट. डेंग्यूतून उठून कॉलेजात आल्याचा तो पहिला दिवस, आणि एवढा जिना चढूनच मला धाप लागली होती. माझ्यामागे वंदना धोटे उभी होती. वंदना बॉटनी शिकवते. त्या अख्ख्या इमारतीत माझी म्हणता येईल अशी ती एकच मैत्रीण. मी दवाखान्यात होते तेव्हा माझे किडे तिनेच सांभाळले होते.

"यातले किडे कुठे गेले?" मी विचारलं.

"आहेत नं ताई. सगळेच्या सगळे आहेत. त्या मोठ्या बरणीत टाकले."

"कोणत्या मोठ्या?"

"गव्हाच्या. हे बिचारे तं मरून राहिले होते. दोन्ही बरण्यांत जेमतेम उरले होते. मले पाहवे ना. आन् त्या गव्हाच्या बरणीत कशी गर्दी. म्हटलं, यायलेही थोडी सोबत होईन."

मी स्टुलावर बसले. वंदना पाण्याची बाटली घेऊन आली. अशक्तपणा आहे, असं तिला वाटलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

काय झालं होतं हे कळायला माझं काम काय ते सांगावं लागेल. मी उत्क्रांतीची अभ्यासक. हा शब्द उच्चारला की लोकांना माकड आणि माणूस आठवतात. माझा संबंध पिठातल्या किड्यांशी. रव्यात, कणकेत तांबडे, तिळाएवढे भुंगेरे होतात आणि घरोघरी बाया चाळणीने चाळून फेकतात, तेच. त्यांची एक पिढी महिन्या-सव्वा महिन्यात होते. त्यामुळे माणसांच्या बाबतीत जे पाहायला हजारो वर्षं लागतील, ते एका नोकरीत पाहून होतं. फक्त नोकरी सोडता येत नाही.

पहिले किडे मी इतवारी बाजारातल्या एका धान्याच्या दुकानातून आणले. फुटक्या पोत्याखालचा गहू मी मागितला, तर शेठजी गल्ल्यावरून वाकून म्हणाले, "बाई, लोकं किडे नसलेला माल मागतात. तुम्ही किडेच मागून राहिल्या." पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं मी त्या गल्लीतून गेले की हातगाडीवाले सरकून वाट द्यायचे आणि कोणीतरी हळूच म्हणायचं, किडेवाली मॅडम.

त्या किड्यांचे मी दोन भाग केले. एका भागाला गव्हाचं पीठ. दुसऱ्याला लाखोळीचं. लाखोळी ही आमच्या विदर्भातली डाळ. सतत तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून एके काळी तिच्या विक्रीवर बंदी होती, तरी लोक खात होतेच. पिठातल्या किड्यांना ती अजिबात मानवत नाही. पहिल्या पिढीत बहुतेक मेले. उरले त्यांची पिल्लं, त्या पिल्लांतले उरले त्यांची पिल्लं, असं करत पुढे जायचं. जो तगला त्याचा वंश चालला. उत्क्रांती म्हणतात ती एवढीच, बाकी सगळा हिशेब.

अशा एकेका वंशाला आम्ही लाइन म्हणतो. गव्हाची लाइन आणि लाखोळीची लाइन. दोन्हींचं मूळ त्या एका पोत्याखालचं. वीस वर्षांहून जास्त, दोनशेच्या वर पिढ्या, दोघींची भेट नाही. आणि ही भेट न होणं हाच सगळा प्रयोग. एक किडा जरी इकडचा तिकडे गेला तरी रक्त मिसळतं आणि पुढे फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक लाइनची चाळणी वेगळी, ब्रश वेगळा. एका दिवशी एकाच लाइनला हात लावायचा. बरणीवर जाड कापड, त्यावर रबर, त्यावर झाकण.

लाखोळीची लाइन नेहमीच विरळ असते. वंदनाला मरतुकडे वाटले ते किडे ठणठणीत होते. तेवढेच असतात ते. हे मी तिला सांगितलं नव्हतं. सलाइन लावलेल्या हाताने फोन धरून मी तिला पीठ कसं बदलायचं, ऊब किती ठेवायची ते सगळं सांगितलं. मिसळू नको एवढं सांगितलं नाही. आमच्या धंद्यात ते कोणी सांगतच नाही. पोळ्या शिकवताना तव्यावर बसू नको असं कोणी सांगतं का? दुसरी बरणी राखीव होती, पहिलीला काही झालं तर असावी म्हणून. वंदनाने मोठ्या मायेने तीही रिकामी केली.

"काही चुकलं का ताई?" तिने विचारलं.

"नाही. तू जा, तुझं लेक्चर आहे."

ती गेली आणि मी दार लावून रडले. वय झाल्यावर माणसाला आजारपणात रडू येतं म्हणतात. मला किड्यांसाठी आलं.

मला निवृत्त व्हायला थोडेच महिने उरले होते. प्राचार्यांनी खोलीबद्दल आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांना तिथे लँग्वेज लॅब करायची होती. तपासणीची समिती येणार होती.

"मॅडम, दिवाळीनंतर खोली मोकळी होईल नं?"

"किडे पुण्याला जाणार आहेत सर. गेले की होईल."

"पुण्याला?" ते हसले. "तिकडे किडे नाहीत का?"

हसण्यात खोट नव्हती. माझ्या कामाबद्दल कॉलेजात कोणी वाईट बोललं नाही. काही बोललंच नाही. मी पेपर छापला की लायब्ररीत एक प्रत द्यायची, आणि ती मी ठेवली होती तशीच पुढच्या वर्षी सापडायची. वर्षाकाठी परदेशातून दोन-तीन ईमेल येत. कोणीतरी आकडे मागायचं, कोणीतरी पिठात यीस्ट किती घालता ते विचारायचं. उत्तर लिहायला मी मुद्दाम दोन-दोन दिवस लावायची, कारण उत्तर पाठवलं की संपलं. फार एकटं वाटायचं, हे आता लिहायला हरकत नाही. माझे वडील हातमागावर बसायचे. अंधाऱ्या खोलीत दिवसभर एका जागी बसून बारीक बघायची सवय मला त्यांच्याकडून आली. पण त्यांच्या शेजारी आई सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची.

पुण्याला किडे नेणार होती ती शाल्मली. तिथल्या एका संशोधन संस्थेत तिची नुकतीच स्वतःची लॅब झाली होती. माझी विद्यार्थिनी नाही. एम.एस्सी.ला असताना तिने माझा एक जुना पेपर वाचला आणि ती या विषयात आली, असं तिने पहिल्याच फोनवर सांगितलं. मी तिला तो पेपर कुठे मिळाला ते विचारलं. दोन्ही लाइन्स आपल्याकडे पुढे चालवायला तिने संस्थेकडून मंजुरी मिळवली होती.

त्याच दुपारी मी तिला फोन केला. न सांगताही चाललं असतं. मिसळलेल्या बरणीतून काळे किडे वेचून, लाखोळीची लाइन म्हणून दिले असते, तर तिला काय कळणार होतं?

हे काळे म्हणजे काय, तेही सांगते. लाखोळीच्या बरणीत मध्येच कधीतरी एक काळा किडा निघाला. असा बदल निसर्गात अधूनमधून होतो. त्याचा वंश वाढत गेला आणि काही वर्षांत ती सगळी लाइन काळी झाली. मधल्या काळात त्याच बरणीत तांबडे आणि काळे एकत्र असताना जोड्या लागायच्या, आणि त्यांची पिल्लं दोन्हींच्या मधल्या रंगाची व्हायची, न घासलेल्या तांब्याच्या गडव्यासारखी. तेव्हा काळा किडा आणि तांबडा किडा यांचं लेकरू लपत नाही, हे मला माहीत होतं.

"मिसळल्या?" शाल्मली म्हणाली. "राखीवसुद्धा?"

"राखीवसुद्धा."

"मोठे काळे वेचून काढता येतील ना, मॅडम?"

"आजच काढते. पण माद्या तांबड्यांशी जुगल्या असतील तर ते बीज त्यांच्या पोटात साठलेलं असतं. पुढे किती दिवस मिश्र पिल्लं देतील सांगता येत नाही. आणि गव्हाची राखीव बरणी शाबूत आहे, पण ती काय, साधी लाइन."

शाल्मली म्हणाली, "मॅडम, नुसती गव्हाची लाइन आणून मी काय करू? तुलना कशाशी करणार? संस्थेला काय सांगू?"

"पिठात अंडी आहेत, अळ्या आहेत. पिढी वर येऊ दे. काळे किती निघतात बघू. पुरेसे निघाले तर तेवढ्यावर लाइन उभी राहील."

"आणि नाही निघाले तर?"

"तर येऊ नकोस. तिकिटाचा खर्च कशाला."

मी हे सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

मग वाट पाहणं. मोठे किडे मी चाळून काढले. काळे एका बाजूला, तांबडे एका बाजूला. पीठ तसंच झाकून ठेवलं. आत अळ्या खात होत्या. अळ्यांचा रंग सारखाच, त्यांच्याकडे बघून काही कळत नाही. मी रोज जायची, दार उघडायची, बरणी उजेडात धरायची आणि परत ठेवायची. त्याने किडे लवकर होत नाहीत, हे वीस वर्षं मुलांना शिकवत आले होते. काळे तांबड्यांच्या मानाने मूठभर. एवढ्या तांबड्यांच्या गर्दीत काळ्याला काळा जोडीदार कुठून मिळणार? सगळी बरणी तांब्याच्या रंगाची होणार, हे मी धरूनच चालले होते. हुडकेश्वरला घरी येऊन संध्याकाळी भात टाकायची, आणि कुकर होईपर्यंत खुर्चीत नुसती बसायची. आयुष्यात आपण काय केलं, हा प्रश्न रिटायरमेंटला आलेल्या सगळ्यांनाच पडतो. पण इतरांना उत्तर द्यायला घरात कोणीतरी असतं. माझं उत्तर बरणीत होतं आणि ते मिसळलं होतं.

वंदनाला एव्हाना कुठून तरी कळलं होतं. ती डबा घेऊन आली. डोळे सुजलेले.

"ताई, मले सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी तं चांगलंच करायले गेले वं. नका रागावू."

"रागावले नाही. बस. काय आणलंस?"

"झुणका. मंग सांगते कशाचा ते." आणि मग स्वतःच म्हणाली, "लाखोळीचा. घरी तेच पीठ होतं."

आम्ही दोघी हसलो. आजारपणानंतर मी पहिल्यांदा हसले. झुणका चांगला झाला होता.

नवे किडे वर आले त्या दिवशी वंदनाचा तास नव्हता, म्हणून तीही बसली. मी पांढऱ्या ट्रेवर पीठ चाळलं. किडे इकडेतिकडे पळायला लागले. कोवळे किडे फिकट असतात, रंग चढायला दोन-चार दिवस लागतात. म्हणून मी मुद्दाम थोडी थांबले होते. ब्रशने वेचायला सुरुवात केली. तांबडा. तांबडा. तांबडा. काळा. तांबडा. काळा. तांबडा.

मी सगळे पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिले. मग ट्रे वंदनाकडे सरकवला.

"तांब्याच्या रंगाचे काढ."

तिने चष्मा वर केला, खाली केला. "कुठे आहेत?"

"तेच म्हणते आहे. कुठे आहेत?"

होते. अगदीच नव्हते असं नाही. पण बोटांवर मोजावे एवढे. बाकी सगळे चक्क तांबडे, नाहीतर चक्क काळे. त्या खच्चून भरलेल्या बरणीत, एकच पीठ खात, एकमेकांच्या अंगावरून चालत, काळ्यांनी काळे शोधले होते आणि तांबड्यांनी तांबडे.

"म्हणजे?" वंदनाने विचारलं.

"म्हणजे रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही."

तिला ते लगेच कळलं. आपल्याकडे कळतंच.

आमच्या शास्त्रात याच्याएवढी मोठी गोष्ट क्वचित डोळ्यांसमोर होते. एका जातीच्या दोन जाती होतात तेव्हा नेमकं हेच होतं. आधी लांब राहतात, मग एक दिवस जवळ आणून ठेवले तरी एकमेकांना जोडीदार मानत नाहीत. ते भेटलेच नाहीत, की भेटून त्यांची पिल्लं जगली नाहीत, हे मला अजून ठाऊक नाही. एका बरणीवरून काही सिद्ध होत नाही; काळ्या माद्यांच्या पोटात आधीचं काळं बीजही असू शकतं. आणि त्यातून ती बरणी दयेपोटी मिसळलेली. पण दिसलं ते दिसलं.

मला खूप आनंद झाला. आणि त्या आनंदात मला पूर्वी आमच्याच डिपार्टमेंटला असलेले एक गृहस्थ आठवले. नाव लिहीत नाही. सात-आठ वर्षं आम्ही रोज एका टेबलावर डबा खाल्ला. माझ्या डब्यातली भाजी ते घ्यायचे, त्यांच्या डब्यातलं लोणचं मी. त्यांच्या घरून स्थळं पाहायला लागले, लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी मला लग्नाची पत्रिका द्यायच्या आधी दोन दिवस डबा आणला नाही. आम्ही कोष्टी, ते कोण ते सांगायची गरज नाही. हे शिकायला मला दोनशे पिढ्या लागल्या नव्हत्या.

मी शाल्मलीला फोन केला. आधी तिने दोनदा तेच विचारलं, रंग नीट चढले होते ना. मग ती एकदम घाईत बोलायला लागली.

"मॅडम, काळे पुरेसे आहेत?"

"लाइन चालेल एवढे आहेत. काळ्याचे आई-बाप दोन्ही काळे, त्याशिवाय या पिढीत काळा होत नाही. मिश्र रक्ताची भीती नाही."

"मी येते. रविवारी येते. आणि हे आपण परत करायचं, मुद्दाम, पुष्कळ बरण्यांत. मॅडम, तुम्ही मध्ये कधी मिसळून पाहिलं नव्हतं?"

"सुरुवातीला पाहिलं होतं. चौथ्या-पाचव्या वर्षी. तेव्हा व्यवस्थित पिल्लं झाली."

"आणि नंतर?"

"नंतर नाही."

"एकदाही?"

"नाही."

तिने का ते विचारलं नाही. चांगल्या घरची मुलगी. पण शास्त्रज्ञाने ते विचारायला हवं होतं.

ती रविवारी आली. बरण्या कापसात गुंडाळून, दोन वेगळ्या पिशव्यांत घालून घेऊन गेली. जाताना प्राचार्यांनाही भेटली. त्यांनी तिला चहा पाजला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमचं एवढं नाव आहे तिकडे, आम्हाले सांगितलं नाही कधी." खोली त्यांना दिवाळीच्या आधीच मिळाली. पुढच्या पिढ्या पुण्यात वाढताहेत. शाल्मली दर महिन्याला फोटो पाठवते. मुद्दाम मिसळलेल्या बरण्यांतही तांब्याच्या रंगाचे कमीच निघताहेत. पेपर लिहायला तिने घेतला आहे. मूळ मिश्रण कसं झालं ते त्यात द्यावं लागेल, म्हणून तिने विचारलं, काय लिहू?

"सहकारी प्राध्यापिकेला दया आली, असं लिही."

"तसं नाही लिहिता येणार, मॅडम."

"मग अनवधानाने लिही. काही कमी होत नाही."

खोली रिकामी झाली त्या दिवशी वंदना मदतीला आली होती. चाळण्या, ब्रश, रबरं खोक्यात भरता भरता ती म्हणाली, "ताई, एक विचारू? ते काळे तं आपलेआप वेगळेच राहून राहिले होते. मंग इतकी वर्षं तुम्ही कोणाले हातच काहून लावू दिला नाही? ना सुट्टी, ना गाव, ना कोणाचं लगन. एखाद दुसऱ्या महिन्याले मले दिले असते, तं काय झालं असतं?"

काही झालं नसतं. निदान शेवटच्या बऱ्याच वर्षांत तरी नाही. आमच्या धंद्यात एक चाचणी मधूनमधून पुन्हा करायची असते. ज्याला आपण राखतो आहोत, त्याला अजून राखण लागते का? मी ती एकदा केली, राखण लागते असं मनासारखं उत्तर आलं, आणि परत केली नाही. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. त्यांना माझी गरज नाही असं निघालं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुठे गेले असते?